आठवड्यांचा हिशेब : धडगावच्या एका विवाहितेचे इंग्लंडमधील गरोदरपण

मी नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची समुपदेशक म्हणून काम करते. परदेशातील आरोग्यव्यवस्था हा माझ्या रोजच्या कामाचा विषय नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून, अगदी धडगावकडच्या पाड्यांतूनही, शिकलेली मुले आता नोकरीनिमित्त परदेशी जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या आजारपणाचे व बाळंतपणाचे प्रश्न फोनवरून पुन्हा आमच्याच दारी येतात. येथे मांडलेले प्रकरण असेच आले. पती-पत्नी दोघांच्या संमतीने ते लिहीत असून त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. परक्या देशात नव्याने गेलेल्या माणसाला दवाखान्याच्या खर्चाची धास्ती असते, पण प्रत्यक्षात त्याच्या हातून निसटतो तो वेळ, आणि गरोदरपणात हा वेळ आठवड्यांत मोजला जातो, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

पत्नी धडगाव तालुक्यातील पावरा कुटुंबातली, आश्रमशाळेत शिकलेली आणि पुढे शहाद्याला राहून पदवीधर झालेली आहे. पती त्याच समाजातला, अभियंता. इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरात त्याला नोकरी लागली आणि लग्नानंतर काही महिन्यांनी ती आश्रित व्हिसावर त्याच्याकडे गेली. व्हिसाच्या अर्जासोबत ब्रिटिश सरकार आरोग्य अधिभार भरून घेते. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आहे. तीन वर्षांसाठी दोघांचे मिळून ६,२१० पौंड झाले, म्हणजे आपल्याकडचे साडेसहा लाखांच्या घरातले. यातला बराचसा पैसा पतीच्या वडिलांनी उसनवारीने उभा केला होता, आणि एवढी रक्कम भरली म्हणजे आपले नाव तिथल्या दवाखान्यात लागले, असा सर्वांचा प्रामाणिक समज होता.

हा समज चुकीचा असला तरी तो अगदी स्वाभाविक आहे. अधिभार भरल्याने राष्ट्रीय आरोग्य सेवेचा, म्हणजे एनएचएसचा, हक्क मिळतो. मात्र त्या सेवेचे दार उघडते ते राहत्या भागातील जीपीकडे, म्हणजे तिथल्या कुटुंबवैद्याकडे, नाव नोंदवल्यावर. विशेषज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी, पुढच्या तपासण्यांची पत्रे, रुग्णालयातून आलेले अहवाल हे सारे त्याच्यामार्फत फिरते. व्हिसा देणारे खाते आणि जीपीचा दवाखाना यांचा परस्परांशी संबंध नसतो, त्यामुळे व्हिसा हातात पडला म्हणून कोणी आपणहून नोंदणी करत नाही. पती आधीपासून तिथे राहत होता, पण धडधाकट तरुण माणूस असल्याने त्याला दवाखान्याची पायरी चढण्याची वेळ आली नव्हती आणि त्याचीही नोंदणी झालेली नव्हती.

वाया गेलेले पहिले आठवडे

इंग्लंडला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिची पाळी चुकली. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर घरीच केलेली तपासणी होकारार्थी आली, तेव्हा शेवटच्या पाळीपासून मोजता सहावा आठवडा चालू होता. फोनवर सासूबाईंना कळवले असता त्यांना आनंद झालाच, पण तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाजवळ बोलू नका, असे त्यांनी बजावून सांगितले. या रिवाजाला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचा धोका खरोखरच अधिक असतो, आणि आनंदाची बातमी चारचौघांत सांगून पुढे दुःख सांगण्याची वेळ एखाद्या सुनेवर येऊ नये, हा त्यामागचा विचार कनवाळूपणाचाच आहे. अडचण अशी की, इंग्लंडमध्ये मिडवाइफशी, म्हणजे प्रशिक्षित सुईणीशी, होणारी पहिली सविस्तर भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते, आणि सिकलसेल व थॅलेसेमिया (रक्ताचा आणखी एक आनुवंशिक आजार) यांची रक्ततपासणीही त्याच मुदतीत देऊ केली जाते. जो काळ आपल्याकडे मौनाचा, तोच तिथे नाव लावण्याचा.

त्यातही पतीने प्रयत्न केला नाही असे नाही. सातव्या आठवड्यात तो जवळच्या जीपीकडे गेला. रिसेप्शनवर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागण्यात आला: वीजबिल, कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे तिथल्या स्थानिक कराचे, पत्र किंवा बँकेचे पत्र. घर सहकाऱ्यांसोबत भाड्याने घेतलेले होते, करार दुसऱ्याच्या नावावर होता आणि बँकेच्या पत्रावर जुना पत्ता होता. तो मुकाट्याने परत आला आणि बँकेचे नवे पत्र येण्याची वाट पाहत बसला. कचेरीत कागद कमी पडला की वाद न घालता परतायचे आणि कागद घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे, ही सवय आपल्या भागातल्या माणसाच्या हाडीमासी भिनलेली आहे. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारलेल्या मुलाने यापेक्षा वेगळे काही करावे अशी अपेक्षा तरी कशी ठेवायची? वस्तुतः इंग्लंडमध्ये जीपीकडे नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाचा कागद बंधनकारक नाही, आणि नोंदणी नाकारायची झाल्यास त्याचे कारण दवाखान्याला १४ दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. नियम त्याच्या बाजूचा होता. तो त्याला कोणी सांगितला नव्हता.

दरम्यान तो एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचा शोध घेत होता. शहाद्यात वा नंदुरबारात दिवस गेल्याची शंका आली की बाई थेट प्रसूतिगृहात जाते, केसपेपर निघतो, त्याच दिवशी सोनोग्राफी होते आणि फाइल हातात मिळते. इंग्लंडमध्ये नेहमीच्या, गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात मुख्य व्यक्ती असते ती मिडवाइफ. तिच्याकडे जाण्यासाठी जीपीच्या चिठ्ठीचीही गरज नसते. जवळच्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाकडे गरोदर स्त्री स्वतःच नाव नोंदवू शकते. हे या जोडप्याला ठाऊक असते, तर नोंदणीचा घोळ चालू असतानाही गरोदरपणाची देखभाल सुरू झाली असती.

रात्रीची फेरी

नवव्या आठवड्यात एका रात्री तिला थोडे रक्त गेले. अशा वेळी सल्ला विचारण्यासाठी इंग्लंडमध्ये १११ हा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक आहे आणि त्यावर दुभाष्याचीही सोय मागता येते. पतीला फक्त ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक माहीत होता, आणि रुग्णवाहिकेचे बिल येईल या भीतीने त्याने तोही फिरवला नाही. प्रत्यक्षात ती सेवा विनामूल्य असते. ते टॅक्सी करून रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले.

तिथे पहिल्या अर्ध्या तासात एका परिचारिकेने नाडी, रक्तदाब पाहिला, रक्त किती गेले ते विचारले आणि बसायला सांगितले. त्यानंतर पहाट होईपर्यंत ते बसूनच होते. त्यांच्यानंतर आलेली माणसे आत जात होती, त्यामुळे आपण परके म्हणून आपल्याला मागे ठेवले जात आहे, असे पतीला वाटू लागले. तिथला क्रम येण्याच्या वेळेवर ठरत नाही, तो जिवाच्या धोक्यावर ठरतो. नाडी व रक्तदाब ठीक असलेली, थोडा रक्तस्राव असलेली बाई छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे राहणारच. पण रात्री तीन वाजता, भेदरलेल्या बायकोशेजारी बसलेल्या माणसाला हे कोणी दोन वाक्यांत समजावून सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. सकाळी त्यांना प्रारंभिक गरोदरपणाच्या कक्षात पाठवण्यात आले, तिथे स्कॅन झाला आणि बाळाचे ठोके दिसले.

घरी परतताना हातात पडलेला कागद पतीने मला नंतर फोटो काढून पाठवला. त्यात तपासणीचा तपशील नीट लिहिलेला होता. वरच्या बाजूला जीपीचे नाव लिहिण्याची चौकट होती आणि ती रिकामी होती. ज्या व्यवस्थेत रुग्णालयाचे प्रत्येक पत्र जीपीकडे जाते आणि पुढचे पाऊल तिथून उचलले जाते, त्या व्यवस्थेत ही चौकट रिकामी असणे म्हणजे त्या रात्रीच्या तपासणीचा पाठपुरावा करणारे कोणीही नसणे. ते ओळखूनच कक्षातील परिचारिकेने कागदाच्या मागे दोन गोष्टी हाताने लिहून दिल्या होत्या: प्रसूती विभागाकडे स्वतः नाव नोंदवा, आणि वीजबिल नसले तरी जीपीकडे नोंदणी होते. त्याच आठवड्यात दोन्ही कामे झाली. मिडवाइफची पहिली मोकळी वेळ मात्र बाराव्या आठवड्यातली मिळाली.

मिडवाइफपुढचे प्रश्न

ही भेट तासाभराची असते आणि तिच्यात प्रश्नांचा मोठा भाग असतो. आधीचे आजार, शस्त्रक्रिया, औषधे, घरातील मधुमेह व रक्तदाब, आणि बाळाच्या आई-वडिलांची कुळे जगाच्या कोणत्या भागातून आली आहेत, याची नोंद केली जाते. हा शेवटचा प्रश्न काही जणांना खटकतो. त्यामागचे कारण शुद्ध वैद्यकीय आहे: सिकलसेल व थॅलेसेमिया आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, मध्यपूर्व व दक्षिण आशिया या भागांतून आलेल्या कुळांत अधिक आढळतात. आमच्या नंदुरबारात भिल्ल आणि पावरा समाजांत हे आपण रोज पाहतो. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आमच्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे तो यामुळेच.

दुभाषा हवा का, असे विचारल्यावर पतीने नको म्हटले आणि स्वतःच उत्तरे देत गेला. त्यात वाईट हेतू नव्हता. पत्नीला इंग्रजी वाचता येते, बोलताना ती अडखळते, आणि आपण असताना परक्या माणसाला कशाला मध्ये घ्यायचे, असा त्याचा साधा विचार होता. घरात कोणाला रक्ताचा आजार आहे का, या प्रश्नालाही त्याने स्वतःच्या माहितीवरून नाही असे उत्तर दिले.

ती गप्प राहिली. तिला उत्तर माहीत होते. नववीत असताना आश्रमशाळेत आरोग्य पथक आले होते. बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी झाली, नंतर दुसरा नमुना पुढे पाठवला गेला आणि काही दिवसांनी तिला एक कार्ड मिळाले. त्यावर ती सिकलसेलची वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेली पण आजाराचा दोष मुलांकडे जाऊ शकणारी, असल्याचे लिहिले होते. तुला काही त्रास होणार नाही, लग्नाच्या वेळी मुलाचे रक्त तेवढे तपासून घ्या, असे तिला सांगण्यात आले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी टाकून मोकळे होणे मला मुळीच पटत नाही. लग्न जुळवण्याच्या बैठकीत तिला बोलायला जागा असते तरी किती? आईने कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले. मुलीला बोल लागेल, चांगले स्थळ हातचे जाईल, ही त्या आईची भीती होती, आणि आमच्या समुपदेशनात ती पुन्हापुन्हा समोर येते. लग्न झाले, नवऱ्याचे रक्त तपासले गेले नाही, आणि आता त्याच्या शेजारी बसून हे सांगणे तिला शक्य झाले नाही.

रक्त मात्र घेतले गेले होते. त्यात ती वाहक असल्याचे दिसले. आठवड्याच्या आत मिडवाइफचा फोन आला, आणि या वेळी तिने पत्नीशी एकटीशी बोलण्याचा आग्रह धरला व फोनवर मराठी दुभाषी जोडून घेतली. गरोदर स्त्रीशी निदान एकदा तरी घरच्या माणसांविना बोलावे, असा तिथे दंडक आहे. घरात मारहाण होते का, हे विचारण्यासाठीही तो पाळला जातो. दुभाष्याची सेवा विनामूल्य असते आणि मराठीही मागता येते, हे येथून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असावे. त्या फोनवर पत्नीने नववीतल्या कार्डाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, आणि पतीला ती तिथल्या समुपदेशकानेच सांगावी अशी विनंती केली. हे तिने पहिल्या भेटीतच सांगितले असते, तर पतीची तपासणी त्याच दिवशी मागता आली असती. तेरावा आठवडा उजाडला होता.

कार्ड

याच सुमारास तिचा भाऊ धडगावहून घाट उतरून माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलमध्ये पेटीतून काढलेल्या कार्डाचा फोटो होता. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर शाई उडालेली, पण नाव, शाळा आणि निष्कर्ष वाचता येत होते. “ताई, हे तिकडे चालेल का?” एवढेच त्याने विचारले. कार्ड मराठीत होते. मी त्यावरून एका पानाचे इंग्रजी पत्र तयार केले: कोणती चाचणी झाली, निष्कर्ष काय आला, त्यानंतर तिला कधी रक्त चढवावे लागले का. तिथली प्रयोगशाळा स्वतःच्या तपासणीवरच विसंबते, त्यामुळे या पत्राने निदान बदलणार नव्हते. तिचे म्हणणे खरे होते, एवढे मात्र त्यातून नोंदले गेले, आणि तिच्या दृष्टीने त्याला मोल होते.

पती पहिले दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. आपल्यापासून लपवले गेले, याचा राग होता. चौदाव्या आठवड्यात त्याचा स्वतःचा रिपोर्ट आला आणि तोही वाहक निघाला. आश्रमशाळेऐवजी तो नंदुरबारला नातेवाइकांकडे राहून शिकला होता, त्यामुळे त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. झाली असती तर त्याच्याही घरातल्या पेटीत असेच कार्ड निघाले असते. त्यानंतर रागाला जागा उरली नाही.

निर्णय

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची दोनात एक, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. बाळाची अवस्था जन्माआधी जाणून घेण्याचे दोन मार्ग त्यांना सांगण्यात आले. वारेचा अगदी लहान तुकडा घेऊन करायची तपासणी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान होते. गर्भजलाची तपासणी पंधराव्या आठवड्यापासून पुढे. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, सुमारे दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. पहिल्या मार्गाची मुदत त्यांच्यासाठी संपत आली होती. बँकेच्या पत्रासाठी थांबलेले दिवस, कोणाला सांगायचे नाही म्हणून गेलेले दिवस आणि मिडवाइफपुढचे ते एक न दिलेले उत्तर, या सर्वांची बेरीज येथे येऊन पडली.

तिथल्या समुपदेशकाने काय करावे हे सांगितले नाही. वाहक आणि ग्रस्त यांतला फरक, आजार कसा वाढतो, पेनिसिलिन व हायड्रॉक्सियुरिया या औषधांनी आता काय साध्य होते, तपासणीनंतर कोणते पर्याय असतात, हे सारे समजावले आणि निर्णय तुमचा, असे म्हटले. डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा, असे म्हणून निश्चिंत होण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना ही अलिप्तता वाटते. त्यांनाही तसेच वाटले आणि पतीने मला फोन करून माझे मत विचारले. मीही मत दिले नाही. ही अलिप्तता नाही. ज्यांना ते मूल वाढवायचे आहे त्यांच्या आयुष्याचा तो मान आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. पत्नीने आपल्या पाड्यातली, हाडे दुखतात म्हणून रात्र रात्र रडणारी मुले पाहिलेली होती. आजार म्हणजे काय हे तिला कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक ठाऊक होते. चार दिवस विचार करून दोघांनी गर्भजलाची तपासणी न करण्याचे ठरवले. तो निर्णय लेखी नोंदला गेला, आणि त्यामुळे पुढच्या देखभालीत कोणी त्यांना कमी लेखल्याचे त्यांनी कधी सांगितले नाही.

बाकीचे गरोदरपण सुरळीत गेले. दक्षिण आशियाई कुळामुळे मधुमेहाची ग्लुकोज चाचणी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान झाली व ती ठीक आली. गरोदरपणात आणि त्यानंतर वर्षभर औषधांच्या चिठ्ठीचे शुल्क माफ करणारे प्रमाणपत्र मिडवाइफने भरून दिले. एरवी इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड मोजावे लागतात.

बाळ जन्मल्यानंतर

पाचव्या दिवशी मिडवाइफने घरी येऊन बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. इंग्लंडमध्ये प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी देऊ केली जाते आणि त्यात सिकलसेलचा समावेश असतो. बाळ ग्रस्त निघाल्यास तीन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू करता यावे हा त्यामागचा हेतू. बाळ वाहक निघाले.

त्यानंतर दोन मुद्द्यांवर धडगावकडून फोन आले. पहिला आजीचा: नातवाच्या दंडावर बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची, खूण का नाही? आपल्याकडे ही लस जन्मतःच देतात. इंग्लंडमध्ये ती सर्व बाळांना देत नाहीत. ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले आहेत अशांना देतात, आणि तीही रोगप्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात विकाराची तपासणी हाती आल्यावर, साधारण चार आठवड्यांनी. भारतात जन्मलेल्या आई-वडिलांच्या मुलाला ती मिळायलाच हवी होती, आणि बोलावणे आले नसल्याने पतीने स्वतः विचारून ती मागून घेतली. दुसरा मुद्दा व्हिसाचा. अधिभार भरलेल्या आई-वडिलांच्या, तिथे जन्मलेल्या बाळाला पहिले तीन महिने विनाशुल्क उपचार मिळतात. त्यानंतरचा हक्क टिकवण्यासाठी बाळाचा व्हिसा काढून त्याचाही अधिभार, मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड, भरावा लागतो. ही मुदत त्यांनी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवली होती.

इकडे तिच्या माहेरी व सासरी मिळून नऊ जणांची तपासणी आम्ही केली. भावाचा रिपोर्ट निर्दोष आला. पतीची धाकटी बहीण वाहक निघाली. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे, आणि मुलाचा रिपोर्ट आधी पाहू, बैठक नंतर, असे तिच्या आईने पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली आहे.